कॅमेऱ्याचा पट्टा आणि ताईंचं गाणं

वस्तू अजून एकमेकींशी बोलत होत्या, तेव्हाची गोष्ट. पाखरांचे फोटो काढत रानोमाळ हिंडणाऱ्या कुमुदताईंच्या कॅमेऱ्याला चामड्याचा पट्टा होता. ताई चालता चालता गुणगुणायच्या, आणि त्यांच्या मानेवर बसलेल्या पट्ट्याला ते गुणगुणणं ऐकायचं वेडच लागलं होतं.

पण कॅमेरा पडला जड, पट्टा मानेत रुतायचा. एक दिवस टेकडी अर्ध्यावर सोडून ताई परतल्या, कॅमेरा खुंटीला अडकवला आणि म्हणाल्या, "बाबा रे, मान आता साथ देत नाही. राहा तू घरीच."

खुंटीवर दिवस सरता सरेना. बाहेर पाखरं बोलू लागली की कॅमेरा तळमळायचा. शेवटी तो पट्ट्याला म्हणाला, "जरा सैल हो की! खांद्यावरून तिरपा गेलास, तर मी ताईंच्या कमरेशी टेकेन. मानेला भार व्हायचा नाही."

"आणि माझं गाणं? तिथून काय डोंबल ऐकू येणार?" पट्टा फणकारला.

"मग इथं खुंटीवर कोणतं ऐकू येतंय?"

सकाळी ताई धूळ पुसायला आल्या, तेव्हा पट्ट्यानं बक्कल सोडलं आणि शेवटच्या भोकापर्यंत अंग सैल केलं. ताईंनी तो लांबलेला पट्टा सहज खांद्यावरून तिरपा घेतला, घरातच चार पावलं चालून पाहिली, आणि पायात चपला सरकवल्या.

टेकडी चढताना पट्ट्यानं कान टवकारले. गुणगुण काही ऐकू येईना. तो हिरमुसला. इतक्यात ताईंनी मोकळी मान वर केली आणि खुल्या गळ्यानं गायला सुरुवात केली.

त्या गाण्याला शब्दही आहेत, हे पट्ट्याला त्या दिवशी कळलं.