वाळूखालची पयोधारा

पूर्वी त्रेतायुगात दंडकारण्याच्या सीमेवर पयोधारा नावाची पुण्यसलिला नदी दुथडी भरून वाहत असे. तिच्या तीरावर, कदंबांच्या गर्द छायेत, जिथे मृगशावके यज्ञवेदीपाशी निःशंक लोळत, तिथे तपोनिधी मेधश्रवा ऋषींचा आश्रम होता. ऋषी दीर्घ यज्ञसत्रासाठी दूरदेशी गेले होते. मागे त्यांची पत्नी सुमेखला आणि नुकता पाऊल टाकू लागलेला पुत्र सुहोत्र. सुमेखला वेदवेदांगे शिकलेली होती. पण लेकराचे अंग तापले की सगळी विद्या कुठच्या कुठे जाते, हे तिला कोणत्याच गुरूने सांगितले नव्हते.

श्रावणात सुहोत्राला घोर ज्वर चढला. औषधी पैलतीरावर आणि मध्ये महापूर. सुमेखलेने नदीला हात जोडून वाट मागितली, नाना परींनी विनवले. पयोधारा आपल्या धर्माने वाहतच राहिली. तेव्हा त्या मानिनीचा संताप अनावर झाला. त्याच नदीचे उदक ओंजळीत घेऊन ती गर्जली, "आईला वाट न देणाऱ्या निष्ठुरे, तुझे पाणी आटो. तुझ्या पात्रात वाळूवाचून काही न उरो."

तपस्विनीची वाणी ती! पाहता पाहता पात्र कोरडे पडले. औषधी आली, बाळ बरे झाले, आणि आपले काही चुकले असे सुमेखलेला मुळीच वाटले नाही.

पण मासे तडफडून मेले, नावा वाळूत रुतल्या, गाई हंबरत रानोमाळ गेल्या. कृष्णला नावाची धीवरी आश्रमाच्या दारात उभी राहून म्हणाली, "ऋषिपत्नी, तुझे लेकरू ते लेकरू, आणि आमची काय खेकड्याची पिल्ले?"

सुमेखलेचा जळफळाट झाला. तरी तिने प्रायश्चित्त आरंभले. उपवास केले, पंचगव्य घेतले, तापल्या वाळूत उभी राहून शिवनाम जपले. मुखी पंचाक्षरी आणि मनात एकच घोकणे, की आधी हट्ट नदीनेच केला. आकाशात ढगाची चिंधीही दिसेना, तेव्हा ती शंकरावरही उखडली.

वैशाखात तहानेने सुहोत्राचे ओठ फुटले. त्याच सुमारास मेधश्रवा परतले. निघताना भरलेले पयोधारेचे थोडे उदक त्यांच्या कमंडलूत तळाशी उरले होते.

"ज्या जळाने शाप दिलास," ते म्हणाले, "त्याच जळाने उःशाप देता येईल. आता एवढेच उरले आहे. अंतःकरण निर्मळ नसेल, तर तेही व्यर्थ मुरेल."

"आणि बाळ?"

ऋषींनी नजर कमंडलूकडे वळवली.

"शास्त्र सांगायला वाचा आहे, आणि बाळाचे विचारले की मौन," असे म्हणून तिने कमंडलू हिसकावला आणि सुहोत्राला कडेवर घेऊन ती तडक पात्रात उतरली.

तिथे कृष्णला नखांनी वाळू उकरत होती. पाठीला तिची मुलगी. सुमेखलेने बाळाला एक घोट पाजला. त्याने आणखी मागितला. ती मुलगी कमंडलूकडे पाहत होती. मागत नव्हती, नुसती पाहत होती.

नदीवर, पतीवर, देवावर धावलेला तो क्रोध डिवचलेल्या सर्पासारखा उलटून सुमेखलेलाच डसला. ती गुडघ्यांवर कोसळली.

"पयोधारे, मी भ्याले होते, आणि भ्यालेल्या जिवाच्या किंचाळीला तपाचे तेज समजले. अपराध माझा. त्याला कारणे नाहीत." तिने उरलेले उदक वाळूवर सोडले. ते क्षणात मुरले. काहीच घडले नाही. बाळाला उराशी धरून ती पुटपुटली, "शंभो, आता तुझ्यावाचून कोणी नाही. राखायचे तर राख."

कृष्णलेच्या खड्ड्यात वाळू ओली झाली. आतून पयोधारेची वाणी उमटली: "सुमेखले, शंकराने तुझे ऐकले. तुझ्या बाळाने घेतलेल्या घोटाचा मला राग नाही. पण तेवढी मी उणी राहीन, वाळूखालून वाहीन. जी गुडघे टेकून उकरील, पहिली ओंजळ परक्या लेकराला देईल, तिच्या खड्ड्यात पाझरणारा झिरा आटणार नाही."

सुमेखलेने पहिली ओंजळ त्या मुलीच्या तोंडी लावली. कृष्णलेने सुहोत्राला पाजले. पण तिचा चेहरा निवळला नाही.

"पाणी आले," ती म्हणाली. "माझे मासे?"

 सुमेखला मान खाली घालून उकरत राहिली. पयोधारा अजून वाळूखालूनच वाहते. तिच्या काठची आई झिरा उकरते, पहिली ओंजळ दुसरीच्या लेकराला पाजते, आणि मग आपल्या.