बाराव्या दिवसाचे दार

फार पूर्वी गोदेच्या काठी वसलेल्या एका नगरात सोमवाहन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला. त्या जन्मात त्याला पहिला स्पर्श झाला तो सामा नावाच्या सुईणीचा.

सामा वेशीबाहेरच्या वस्तीत राहत असे. त्या वस्तीतल्या माणसांनी नगरात पाऊल टाकले की हातातली काठी दगडावर आपटत चालायचे, म्हणजे लोक आपली वस्त्रे सावरून बाजूला होत. पण एखाद्या घरी बाईला कळा सुरू झाल्या की त्याच घरातला माणूस धापा टाकत वेशीबाहेर येई आणि म्हणे, "सामे, चल लवकर." अशा वेळी काठीचे नाव कुणी काढत नसे.

त्या नगरात एक चाल होती. बाळंतिणीची सोयर अकरा दिवस पाळत. तेवढे दिवस बाळंतीण, बाळ आणि सुईण तिघेही एकाच खोलीत राहत. तिघांनाही घरात कुणी शिवत नसे. त्या खोलीत सामा बाळंतिणीशेजारी बसून जेवे, बाळाला मांडीवर घेई, त्याच्या टाळूवर तेल जिरवी. बाराव्या दिवशी सकाळी मायलेकरे न्हाऊन शुद्ध होत. सामाला मागच्या दाराने बाहेर काढत, आणि ती गेली की तिच्या पावलांवरून शेणाचा सडा पडे. त्यानंतर ते मूल तिला जन्मभर परके.

दोनशेहून अधिक मुलांना सामाने असे या जगात घेतले होते आणि बाराव्या दिवशी सोडले होते. त्यातली बरीचशी ती विसरली. एकाला मात्र विसरली नाही.

तो जन्मला तेव्हा रडलाच नाही. सामाने त्याच्या तोंडात फुंकर घातली आणि ती त्याला छातीशी धरून शेगडीजवळ बसून राहिली. बऱ्याच वेळाने तो रडला. त्याची आई सुभगा तापाने बेशुद्ध होती. सामाचे स्वतःचे मूल चार दिवसांपूर्वी गेले होते आणि तिचा पान्हा आटला नव्हता. बाळ तोंड उघडून शोधत होते. सामाने दाराकडे पाहिले, मग पदर पुढे ओढला. अकरा दिवस तो तिचेच दूध प्याला.

मुलाचे नाव मेघदत्त ठेवल्याचे तिला वस्तीत ऐकूनच कळले.

पुढची सव्वीस वर्षे सामा त्याला लांबून पाहत आली. तो सात वर्षांचा असताना एकदा रस्त्यात तिच्यासमोरच ठेचकाळून पडला. तिचा हात आपोआप पुढे गेला. मागून चाकर ओरडला, "ए, हात मागे घे." तिने हात मागे घेतला. त्या दिवशी घरी आल्यावर तिला जेवण गेले नाही.

मेघदत्त मोठा झाला, बापाचा व्यापार सांभाळू लागला. रोज सकाळी पूर्वदारावर उभा राहून तो स्वतःच्या हाताने अन्न वाटी. वेशीबाहेरच्यांचा वाटा मात्र चालीप्रमाणे जमिनीवर पानात ठेवलेला असे. पान उचलताना सामा त्याच्या पायांकडे पाही. तेवढेच जवळून दिसत.

एके दिवशी शेजारीण कुंडी पाण्याची घागर टेकवून म्हणाली, "ऐकलंस का सामे? तुझा मेघदत्त नगरश्रेष्ठी होतोय. सगळ्या व्यापाऱ्यांचा मुख्य. हत्तीवरून मिरवणार म्हणे."

"माझा कशाला?"

"मग रोज पूर्वदारी कुणाचं तोंड बघायला जातेस? पानातल्या भातासाठी जाणारी तू नव्हेस." कुंडी हसली. "परवा घाटावर शपथ आहे. हातात पाणी घेऊन सांगायचं, वेशीबाहेरचा एक घासही माझ्या पोटात गेलेला नाही, एक थेंबही नाही."

सामाने हातातले सूप खाली ठेवले.

खोट्या शपथेचे पाणी सात दिवसांत शपथ घेणाऱ्याचा घास घेते, असे तिथे सारेच मानत. सामाही मानी. मेघदत्त खोटे बोलणार होता, आणि ते त्याचे त्यालाच ठाऊक नव्हते. सांगावे तर श्रेष्ठीपद जाणार, घरदार तुटणार, आणि ज्याला पाहण्यावर ती जगत होती तो तिच्याकडे किळसून पाहणार. न सांगावे तर त्याचा जीव जाणार. सामा दिवसभर अंगणात बसून राहिली. आपण उद्या जाणार आहोत हे तिला तेव्हाच कळले होते, फक्त ते मान्य करायला संध्याकाळ झाली.

सकाळी पूर्वदारी सगळे पांगेपर्यंत ती थांबली.

"धनी, उद्या शपथ घेऊ नका."

चाकर पुढे धावला. मेघदत्त म्हणाला, "थांब. बोलू दे तिला. का घेऊ नको, बाई?"

सामाने सांगितले. चार वाक्यांत संपले. सव्वीस वर्षे मनात धरलेली गोष्ट एवढीशीच होती, याचे तिला नवल वाटले. बोलताना ती त्याच्या पायांकडेच पाहत होती. ते पाय बराच वेळ हलले नाहीत. मग वळले आणि आत गेले.

"गेला ना?" वस्तीत परतल्यावर कुंडीने विचारले. "जाणारच. तुला काय वाटलं, पाया पडेल?"

"जगेल," सामा म्हणाली. "तेवढं पुरे." पण तेवढे पुरे नव्हते, आणि ते दोघींनाही ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी घाटावर राजासह सारे नगर लोटले. वेशीबाहेरच्यांना प्रवाहाच्या खालच्या अंगाला उभे राहण्याची मुभा होती, म्हणजे त्यांच्या पायांचे पाणी वर येऊ नये. सामा तिथे उभी राहिली. मेघदत्त पायऱ्या उतरला, त्याने ओंजळीत पाणी घेतले आणि शांतपणे म्हणाला, "मी अकरा दिवस सामा सुईणीचं दूध प्यालो आहे. मी आहे तो त्या दुधामुळे."

मग व्यापाऱ्यांतला एक म्हातारा लगबगीने पुढे आला. "मेघदत्ता, ते पाणी सोडून दे. पुन्हा ओंजळ भर आणि रीतीप्रमाणे बोल. आम्ही काही ऐकलं नाही."

"मी ऐकलं आहे, काका."

राजा म्हणाला, "त्या बाईच्या बोलण्यावर एवढा विश्वास? तुझ्या आईला विचारलंस?"

"विचारलं, महाराज. आई नुसती रडत राहिली."

"तू गप्प बसला असतास तर हे कुणालाही कळलं नसतं."

"इथल्या प्रत्येकाला तिच्याच वस्तीतल्या हातांनी जगात घेतलं, महाराज. तेही कुणी बोलत नाही, म्हणून ते घडलं नाही असं होत नाही. जिने मला जगवलं तिला मी जमिनीवर पान ठेवून वाढतो, आणि त्याला दान म्हणतो. हे पद घेऊन मला तेच करत राहावं लागेल."

राजाने मान फिरवली. म्हाताऱ्याने श्रेष्ठीचे उपरणे घडी घालून परत तबकात ठेवले.

मेघदत्त पायऱ्या चढला नाही. काठाकाठाने तो खालच्या अंगाला चालत आला. वस्तीची माणसे सवयीने मागे सरू लागली. सामाही सरली. तो तिच्यापुढे येऊन थांबला.

"माय, भूक लागली आहे. काल सकाळपासून जेवलो नाही."

"कण्या आहेत नुसत्या," ती कशीबशी म्हणाली.

"चालतील."

कुंडी घाबरून म्हणाली, "धनी, तुम्ही आमच्यात बसलात तर आम्हाला दंड होईल."

"मग मलाही होईल. आता मी तुमच्यातलाच."

सामाच्या अंगणात तो मांडी घालून बसला. याला कधी भेटलो तर काय बोलायचे, हे तिने वर्षानुवर्षे ठरवून ठेवले होते. त्यातले काहीच तिला आठवेना. तिने त्याच्या हातात कण्यांचे भांडे दिले, हाताला हात लागला, आणि ती म्हणाली, "सावकाश खा. गरम आहे."

मेघदत्त पुढे त्याच वस्तीत राहिला. श्रेष्ठीपद दुसऱ्याला मिळाले. सुभगा अधूनमधून वेशीपर्यंत येई, मुलाच्या घराकडे पाहत उभी राही आणि परत फिरे. तिला पलीकडे यायचे होते. पाऊल उचलत नव्हते. तिच्यासाठी सामा दारात एक पाट मांडून ठेवी. त्या जन्मात तो रिकामाच राहिला.

ही पूर्वजन्मीची कथा सांगून भिक्खूंचे गुरू, शास्ते, थांबले. समोर बसलेल्या भिक्खूंकडे पाहून ते म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हा जिचं पाऊल वेशीवर अडलं ती सुभगा आज भिक्खुणी सुमंगला आहे. आता ती भिक्षेसाठी कोणत्याही दारापुढे थांबते. मेघदत्त मीच होतो. घाटावर जमलेले लोक तुम्ही होता. आणि सामा म्हणजे गावकुसाबाहेरची ती म्हातारी. आज सकाळी ती पळी भरून दारात उभी होती, आणि तुम्ही भिक्षापात्र झाकून तिच्या दारावरून पुढे गेलात."

भिक्खूंनी माना खाली घातल्या. त्या जन्मी बोधिसत्त्वाने जी पारमी, म्हणजे सद्गुणाची पराकाष्ठा, गाठली तिला सत्य म्हणतात. आणि ज्या सत्याने माणूस माणसाजवळ जाऊन बसतो, त्यालाच करुणा म्हणतात.