खाल्ल्या मिठाला

खाडीकाठच्या वावेखार गावी श्री केवलगिरी महाराजांचा मुक्काम पडला, त्या सालची ही गोष्ट. गावच्या बांधाला दोन वर्षांपूर्वी खांड पडली होती. त्या भगदाडातून भरतीचे पाणी शेतांत शिरे. भात पिकेना, विहिरी खारावल्या, गुरेसुद्धा पाण्याला तोंड लावीनात. पोसूबाईची गर्भार सून द्वारकी अंगभर सुजली होती. वैद्यबुवांनी बजावले होते, "हिला गोडं पाणी द्या, नाहीतर दोन्ही जीव हातचे जातील."

गोडी विहीर गावात एकच उरली होती, टेकाडावरच्या हिराजी पाटलाची. तिथून पोसूबाईचा हंडा रिकामाच परत येई.

त्या मुलखात जोळ म्हणून एक चाल आहे. बांध फुटला की घरटी एक माणूस मातीची पाटी घेऊन उतरते, एकही घर मागे राहत नाही. पाटील मात्र म्हणाला, "माजी शेतं वरती. मी कशाला चिखलान उतरू?" मोठे घर बसले, तशी बाकीचीही बसली. पोसूबाईचा मुलगा गलबतावर होता. ती एकटीच रोज ओहोटीला खांडीत माती टाकी आणि भरती ती धुऊन नेई.

"पोसे, पाटीन दर्या बुजवतेस काय गो?" पाटील हसे.

महाराज तिच्या दारी आले तेव्हा तिला रडूच फुटले. "महाराज, घरान खारंच पानी हाय. तुमाला कसं देऊ?"

"तुम्ही पिता ना? मग आण."

महाराजांनी अख्खा तांब्या रिता केला! महाराजांमागून आलेला पाटील म्हणाला, "महाराज, माज्याकडं गोडं पानी होतं."

"ते राहू दे," महाराज म्हणाले. "आम्ही आता या गावचं मीठ खाल्लं. खाल्ल्या मिठाला जागलं पाहिजे. उद्या जोळ!"

"उद्या अवसेचं उधाण हाय. बुवा व्हावत जातील," पाटील पुटपुटला.

सकाळी ओहोटी लागताच महाराजांनी कफनी खोचून पाटी उचलली. साधूला चिखलात पाहून गावाला लाज वाटली आणि एकेक घर खाली उतरले. दुपारी हातभर फट उरली, तोच भरती आली. लोक "मागं सरा!" म्हणून ओरडू लागले. महाराज त्या फटीतच जाऊन बसले. पोसूबाई त्यांच्या शेजारी उभी राहिली. "मी नाय हलायची," ती म्हणाली.

आणि काय सांगावे! बाहेर उधाण बांधाच्या माथ्याला भिडले, पण फटीतले पाणी महाराजांच्या गुडघ्याशीच थांबले. तरीही टाकलेली माती काही बसेना. महाराज शांतपणे म्हणाले, "एका घराची पाटी कमी आहे."

सगळ्यांच्या माना टेकाडाकडे वळल्या. वरून पाहणाऱ्या पाटलाने पाटी उचलली. तो धावत उतरला आणि कोऱ्या धोतरानिशी चिखलात शिरला. महाराज बाजूला झाले, त्याने पाटी ओतली आणि माती जागच्या जागी बसली. बांध सांधला गेला!

"महाराज, चुकलो!" पाटलाने पाय धरले.

"आमचे पाय कशाला धरतोस? आमच्यापाशी काय आहे? पावसाने धुऊन विहिरी गोड व्हायला दोन वर्षं लागतील. द्वारकीला तेवढी उसंत नाही."

पाटील उठला. चिखलाने भरलेल्या अंगानेच तो पोसूबाईपुढे वाकला, तिच्या दारातला रिकामा हंडा खांद्यावर घेतला आणि टेकाडाची वाट चालू लागला. द्वारकीच्या बाळाचे बारसे होईपर्यंत त्या विहिरीचा रोजचा पहिला हंडा पाटलाच्याच खांद्यावरून खाली आला.