कोपरापर्यंत चिखल

फार पूर्वी एका तळ्याच्या खालच्या अंगाला एक गाव होतं. वर तळं, खाली गाव आणि मध्ये मातीचा बांध. बांध टिकला तर गाव टिकणार, म्हणून बांध राखणारा बांधकरी गाव स्वतः निवडत असे. प्रत्येकाने आपल्या पसंतीच्या उमेदवाराच्या मडक्यात एक खडा टाकायचा.

जुना बांधकरी थकला आणि त्या जागेसाठी दोघे उभे राहिले. रीत अशी होती, की दोघांनी राजाच्या दरबारात समोरासमोर बोलायचं आणि गावाने ते चावडीतल्या जादूच्या आरशात पाहायचं, ऐकायचं. शेवटी गावातल्या कुणीही उठून आरशातूनच एक प्रश्न विचारायचा.

पहिला उमेदवार देखणा होता. त्याने तीन महिने नाटकमंडळीच्या तालीममास्तरांकडे शिकवणी लावली होती. ‘माझं गाव’ म्हणताना हात छातीवर. दुसरा बोलू लागला की ओठांवर मंद हसू. अडचणीचं काही निघालं की पाण्याचा एक घोट, तोही सावकाश. तो बांधाबद्दल नेमकं काय म्हणाला हे नंतर कुणालाच सांगता येईना, पण म्हणाला फार छान.

दुसऱ्याची तऱ्हाच वेगळी. नजर खाली, या पायावरून त्या पायावर चुळबुळ आणि उजव्या हाताची बाही सारखी खाली ओढणं. चावडीतल्या मंडळींनी तिथेच निकाल लावला. नजर चुकवतो म्हणजे मनात पाप, बाही ओढतो म्हणजे काहीतरी लपवतो. माणूस वाचता येतो असं प्रत्येकालाच वाटतं, आणि बहुतेक जण पहिलं पान वाचून पुस्तक मिटतात.

चावडीत एक कुंभारीण बसली होती. तिचं घर अगदी बांधाखाली. तिनेही देखण्या उमेदवारासाठीच खडा मुठीत धरला होता. पण आठ दिवसांपासून तिच्या घराची मागची भिंत ओलसर लागत होती, आणि ती ओल काही तिला स्वस्थ बसू देईना. ती उठून आरशासमोर गेली.

“दादांनो, तुमचं बोलणं ऐकलं,” ती म्हणाली. “आता तोंडं मिटा, आणि बांध कुठं झिरपतोय ते नुसतं हातानं दाखवा.”

देखण्याने हात छातीवर ठेवला. मग दोन्ही हात पसरले. मग एक हात आभाळाकडे नेला आणि दरबारात मागे उभ्या असलेल्या तालीममास्तरांकडे हळूच पाहिलं. त्यांनी नजर वळवली. त्याने पाण्याचा घोट घेतला, पण या वेळी त्याला ठसका लागला.

दुसरा क्षणभर घुटमळला. मग दरबार, राजा सगळं विसरून तो फरशीवर उकिडवा बसला. तळहाताने त्याने बांधाचा उतार काढला, टोकापासून तीन दगड मोजले, बाही वर सारली आणि हात खाली घातल्यासारखा करून आत मनगट वळवलं. घुशीचं बीळ होतं ते, आत जाऊन डावीकडे वळलेलं. हातावर कोपरापर्यंत पिवळा चिखल वाळला होता आणि दगडांचे ओरखडे होते. सकाळी तेच बीळ बुजवता बुजवता तो तसाच दरबारात आला होता, आणि राजासमोर मळका हात दिसू नये म्हणून बाही ओढत होता.

कुंभारणीने ती माती लांबूनच ओळखली. “ही बांधाच्या पोटातली माती आहे,” ती मागे वळून म्हणाली. “हातच्या काकणाला आरसा कशाला?”

तिने आपला खडा दुसऱ्याच्या मडक्यात टाकला, आणि तिच्यामागे साऱ्या गावाने.

आठवड्याभरात बीळ पक्कं बुजलं. त्या वर्षी तळं काठोकाठ भरलं, तरी कुंभारणीची भिंत कोरडी राहिली. देखणा मात्र तालीममास्तरांवर चिडला. ते शांतपणे म्हणाले, “बाबा, मी तुझ्या हाताला सगळं शिकवलं. पण बांधावर जायला तुझं तुलाच हवं होतं.”

तात्पर्य एवढंच: माणूस कसा उभा राहतो हे जरूर पाहावं, पण त्याचा हात कुठे जाऊन आला आहे, ते आधी पाहावं.