निरोपाचा विडा

फार फार वर्षांमागची गोष्ट आहे. तेव्हा मेलेली माणसंसुद्धा कोणी 'जा' म्हटल्याशिवाय जात नसत. डोंगरात एक राज्य होतं आणि त्याला एक राजा होता. लहानांनी भिऊ नये. या गोष्टीत भुतं आहेत, पण ती कुणाला धरत नाहीत. ती बिचारी फार दमलेली आहेत.

त्या राज्यात एक रीत होती. जो चाकरीला लागे, तो भरल्या दरबारात तबकातला विडा उचली. चाकरी संपली की राजा स्वतःच्या हाताने विडा करी, त्या माणसाचं नाव घेई आणि म्हणे, "जा, आता बस." हा निरोपाचा विडा. चाकरीत कोणी मेला, तर तो विडा त्याच्या थंड हातात ठेवत आणि मगच त्याला उचलत. राजालाही हीच रीत लागू होती. गादीवर बसताना पानमळ्यातली सगळ्यांत वडीलधारी बाई त्याला विडा देई, आणि गादी सोडताना निरोपही त्याने तिच्याचकडून घ्यायचा असे.

एकदा खिंडीत मोठी लढाई झाली. राजा जिंकला, पण त्याची तीनशे माणसं पडली. कारभाऱ्याने पानांचं तबक पुढे केलं. राजा दोन दिवस घोड्यावरून उतरला नव्हता.

"उद्या देतो," तो म्हणाला. "आज हात उचलत नाही."

तो खोटं बोलत नव्हता. तो खरंच दमला होता, आणि इथवर त्याला कोणी दोष देऊ नये.

सकाळी पाहतात तो काय, तीनशेही माणसं आपापल्या जागी पहाऱ्यावर उभी! छातीतले बाण तसेच, डोळे उघडे. लोकांची बोबडी वळली. राजालाही घाम फुटला. पण पळून गेलेला शत्रू परत आला होता, त्याने दुरून हे पाहिलं आणि तो जो पळाला तो पुन्हा फिरकलाच नाही.

कारभारी तबक घेऊन आला, तेव्हा राजा विचारात पडला होता.

"जिवंत शिपायाला भाकरी लागते, झोप लागते, सणाला घरी जायचं असतं," तो म्हणाला. "यांना काहीच नको. राहू देत की! विड्याचं उद्या बघू."

इथून मात्र त्याला दोष द्यायला हरकत नाही.

उद्याचा परवा झाला, परवाची वर्षं झाली. राजाला चटक लागली. तो कुणालाच निरोप देईना. म्हातारा मोतद्दार तबेल्यात मेला आणि दुसऱ्या दिवशी घोड्यांना चारा घालू लागला. झाडणारी मेली, तरी झाडत राहिली. मेलेल्यांच्या शेजारी काम करून जिवंत माणसांचीही उमेद गेली. एकेक घर गाठोडं बांधून घाटाखाली उतरलं. मागे राहिले राजा, त्याचे मेलेले चाकर आणि पानमळ्यातली एक म्हातारी.

म्हातारी गेली नाही, कारण तिचा नवरा वेशीच्या दारात उभा होता. तोही त्या तीनशेंतलाच. रोज दुपारी मळ्यातलं काम आटोपलं की ती त्याच्यापाशी जाऊन बसे.

"अगं, बसू का जरा?" तो विचारी.

"बसा की हो," ती म्हणे.

त्याचे गुडघे वाकत नसत. भूक गेली होती, तहान गेली होती, दमणं तेवढं राहिलं होतं. तो या पायावरचा भार त्या पायावर घेई आणि पुन्हा विचारी, "बसू का?" हे ऐकून म्हातारीचा जीव तुटे. तीही आता थकली होती. आपण गेलो तर याच्यापाशी येऊन बसायलाही कोणी उरणार नाही, ही एकच धास्ती तिला होती. दरवर्षी ती राजाकडे जाई आणि एवढंच मागे, की माझ्या माणसाला बसू द्या.

"उद्या," राजा म्हणे.

एके दिवशी राजा मेला. त्याला ते कळलंही नाही. जेवण नकोसं झालं, झोप येईना, आणि गादीवर कितीही बसलं तरी थकवा उतरेना. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. त्यानेही विडा उचलला होता, आणि त्यालाही कोणी 'बस' म्हटलं नव्हतं. गादीवर बसल्या बसल्या तो उभाच होता म्हणायचा.

त्याने म्हातारीला बोलावणं धाडलं. ती म्हणाली, "वेल उतरवायचे दिवस आहेत, मला सवड नाही." मग राजाच पाय ओढत मळ्यापाशी आला.

"जोडे बाहेर काढा," म्हातारी म्हणाली. पानमळ्यात अनवाणीच जायचं असतं. राजाने जोडे काढले. म्हातारी उंच चढलेले वेल हलक्या हाताने खाली घेत होती आणि त्यांचे बुंधे मातीत पुरत होती.

"चांगले वाढलेले वेल पुरतेस कशाला?" राजाने विचारलं.

"दमतात तेही. वेळेवर खाली घेतले नाहीत तर उभ्या उभ्या वाळतात."

राजाने खाली घेतलेल्या एका वेलाला हात लावून पाहिला. मग म्हणाला, "बाई, मला निरोप दे. मला सोसवत नाही आता."

"देते की. पण आधी माझा माणूस."

दोघं वेशीपाशी आली. राजाने विडा केला आणि विचारलं, "याचं नाव काय?"

नवऱ्याला स्वतःलाच ते आठवेना. तीस वर्षांत त्याला नावाने हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं, आणि बायको तर 'अहो' म्हणायची. म्हातारीने ते नाव लग्नाच्या उखाण्यात एकदाच घेतलं होतं. तिने पदर सारखा केला.

"हैबती," ती म्हणाली.

"हैबती," राजा म्हणाला, "जा, आता बस."

हैबतीचे गुडघे वाकले. तो भिंतीला टेकून खाली बसला, "हुश्श" म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. म्हातारी त्याच्या खांद्याला टेकून पोटभर रडली. मग डोळे पुसून ती उठली. शब्दाची पक्की होती ती. तिने राजासाठी विडा बांधला आणि हातात धरून विचारलं, "तुमचं नाव?"

राजाने तोंड उघडलं, पण नाव आठवेना. आयुष्यभर सगळे त्याला 'महाराज' म्हणत आले होते. ज्यांना त्याचं नाव ठाऊक होतं, ते कधीच घाटाखाली गेले होते.

"आठवलं की या," म्हातारी हळूच म्हणाली आणि तिने विडा ओल्या फडक्यात ठेवला.

राजा अनवाणीच घाट उतरला. दारोदार हिंडून त्याने विचारलं, "तुमचा माणूस माझ्या पहाऱ्यावर उभा आहे. त्याचं नाव काय?" लोकांनी शिव्या दिल्या, पण नावं सांगितली. राजाचं स्वतःचं नाव मात्र कुणालाच सांगता आलं नाही; ते ठाऊक असलेले केव्हाच वारले होते. एकेक नाव घेऊन तो घाट चढे, विडा करी आणि एकाला बसवी. वर्षं गेली. दरम्यान म्हातारी वारली. तेव्हा पानं मिळावीत म्हणून राजाच मळा राखू लागला. मोतद्दार बसला, झाडणारी बसली, तीनशेंतला शेवटचाही बसला.

आता त्या वेशीच्या दारात एकटा राजा उभा आहे. फडक्यातलं पान केव्हाच सुकून गेलं. कोणी वाटसरू आला, तर राजा या पायावरचा भार त्या पायावर घेतो आणि विचारतो, "बसू का जरा?"

बोध इतकाच, की दमलेल्याला 'बस' म्हणणं जो उद्यावर टाकतो, तो दमला की त्याला 'बस' म्हणणारं कोणी उरत नाही.