दुसऱ्याच्या गळाला लागलेला मासा

उत्तरेकडच्या उंच डोंगरांत, जिथे देवदारांच्या सावलीतले बर्फ चैत्र लागला तरी पुरते वितळत नाही, तिथे एका सरोवराच्या काठी एक वृद्ध मासेमार राहत असे. सगळे गाव त्यांना बाबा म्हणे. मासेमारीची विद्या त्यांच्याइतकी कुणाला अवगत नव्हती; पण लोक त्यांच्या ओट्यावर येत ते केवळ माशांसाठी नव्हे. भावाभावांत बोलणे बंद झाले, जुळलेली सोयरीक मोडायला आली, की पावले आपोआप सरोवराकडे वळत.

बाबांजवळ उमेद नावाचा शिष्य होता. लहानपणी आला तो तिथेच वाढला, तिथेच त्याला दाढीमिशा फुटल्या. थंडीने बाबांचे गुडघे धरले की नाव पाण्यात ढकलायची ती उमेदने, रानातून सरपण आणायचे ते उमेदने. बाबांच्या पश्चात ही नाव आणि हा काठ आपलाच, असे त्याने मनाशी धरले होते. कुणी त्याला तसा शब्द दिला नव्हता. पण ‘नाही’ असेही कुणी म्हटले नव्हते.

मग एका शरद ऋतूत खिंडीपलीकडून जमन आला. हा मेंढ्या राखणारा तरुण. रोगाने त्याचा कळप गेला होता आणि परत जावे असे घर उरले नव्हते. बाबांनी त्याला ठेवून घेतले. हिवाळाभर तो शेकोटीपाशी बसून दोऱ्या वळायला शिकला, आणि वसंताच्या आरंभी काठचे बर्फ सुटताच त्याने प्रथमच पाण्यात गळ टाकला.

त्या सरोवरात एक मासा होता. अंग काशासारखे, कुशीवर गडद पट्टे आणि डोळे तांबडे. म्हणून लोक त्याला तांबडोळ्या म्हणत. हिवाळा सरता सरता गावातल्या कणग्यांचा तळ दिसू लागे, तेव्हा हाच मासा घरोघरी शिजत असे. मात्र गावाचा एक कडक नियम होता. पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, असलेली मादी गळाला लागली तर तिला लगेच पाण्यात सोडायचे. हा नियम मोडणाऱ्याला सरोवर कायमचे बंद होई.

पहिल्याच दिवशी जमनच्या टोपलीत मासे आले आणि उमेदची टोपली कोरडी राहिली. सायंकाळी बाबांनी जमनच्या टोपलीत डोकावून पाहिले व इतकेच म्हणाले, "याचा हात शांत आहे."

ते वाक्य उमेदला काट्यासारखे रुतले. इतक्या वर्षांत आपल्या हाताविषयी बाबा कधी काही बोलल्याचे त्याला आठवेना. त्या रात्रीच्या कालवणात जमनने पकडलेला मासा होता. उमेदने रस्सा तेवढा पिऊन फोडी तशाच ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने बाबांना सांगितले की मला जमनच्या जागी बसायचे आहे. बाबांनी होकार दिला. जमन बसे त्या खडकाशी उमेद जाऊन बसला, तर जमनला समोरच्या काठाशी मासे लागले. मग उमेदने त्याची गळाची काठी मागून घेतली. मग त्याच्यासारखा बकरीच्या केसांचा झुपका आमिष म्हणून गळाला बांधला. बाबा प्रत्येक वेळी बरे म्हणत, जमनही हसून जे मागेल ते देई, आणि त्या हसण्याने उमेद आणखीच चिडे. लांबवर जमनची काठी वाकली की उमेदचा हात आपोआप उचलला जाई, दोरी वर येई, आणि आता दुसरीकडे टाकून पाहू असे म्हणत तो ती पुन्हा फेकी.

एके दिवशी तो पीठ आणायला पाणचक्कीवर गेला. तिथली म्हातारी त्याला लहानपणापासून ओळखत होती. तो दिसला की ती चुलीवरची गरम भाकरी त्याच्या हातावर ठेवी. त्या दिवशीही तिने भाकरी दिली, पण देता देता विचारले की आज जमन नाही का आला, फार गुणी मुलगा आहे.

उमेदने काहीही ठरवले नव्हते. तरी त्याच्या तोंडून निघून गेले, "गुणी असायला काय जातं? गाभोळीच्या माद्यासुद्धा ठेवून घेतो तो. मग टोपली भरणारच."

भाकरी हातात घेऊन तो परत निघाला. मागे फिरून शब्द परत घ्यावा असे त्याला एकदा वाटले. पण तेवढ्यात खाली सरोवरावर बाबांच्या नावेत जमन दिसला, आणि तो चालत राहिला.

पाणचक्कीवर अवघा गाव येतो. दोन दिवसांत बोलणे गावच्या मुखियाच्या कानी गेले आणि तो बाबांच्या ओट्यावर येऊन बसला. जमनने आपण असे कधी केले नाही म्हणून शपथ घेतली. परंतु तो परका होता आणि त्याच्या बाजूने बोलणारे कुणी नव्हते. मुखियाने स्पष्ट सांगितले की बोलणे खरे निघाले तर याला खिंडीपलीकडे परत जावे लागेल. बाबांनी एका दिवसाची मुदत मागितली.

सकाळी बाबांनी एक विचित्र गोष्ट केली. शिष्यांची काठी ते कधी हातात घेत नसत. आपापली दोरी आपणच बांधावी, असा त्यांचा शिरस्ता होता. त्या दिवशी मात्र त्यांनी दोघांच्या काठ्या घरात नेल्या, गळ स्वतः बांधून आणले आणि उमेदला बाजूला घेऊन म्हणाले, "आज तूही मासे पकड, आणि जमनवर लक्षही ठेव. संध्याकाळी मला सगळं सांगायचं."

उमेदला हे काम सांगायची गरजच नव्हती. दिवसभर त्याने गावातून मागून आणलेली नाव जमनच्या नावेपासून हाकेच्या अंतरावर ठेवली. दुपारी ऊन तापल्यावर त्याच्या दोरीला झटका बसला, त्याने ओढले, आणि मासा सुटला. त्याच क्षणी तिकडे जमन वाकून काहीतरी वर घेत होता. उमेदने घाईने दोरी पुन्हा फेकली आणि मान तिकडे वळवली. उन्हे कलल्यावर पुन्हा एक मासा लागला. तोही सुटला. हा जमन आल्यापासून आपले नशीबच फिरले, असे म्हणून त्याने दात खाल्ले.

सायंकाळी शेकोटीभोवती बाबा, मुखिया आणि दोघे तरुण बसले. बाबांनी विचारले, "उमेद, जमनने आज काय केलं?"

उमेद बोलू लागला आणि बोलतच राहिला. जमन आधी कुठे थांबला, मग उन्हाच्या काठाला कसा आला, कोणता मासा किती लांबीचा होता, एक तर नावेत उडी मारून पुन्हा पाण्यात कसा पडला. दिवसभराची आग शब्दाशब्दाने बाहेर पडत होती.

"आणि माद्या?" बाबांनी विचारले.

"लागल्या की. पण त्या त्याने सोडल्या. आधी हात ओले केले, पोटाखाली तळवा धरला, आणि ती शेपूट हलवेपर्यंत पाण्यात धरून..."

तो थांबला. मुखिया त्याच्याकडे पाहत होता.

"तुझ्या दोरीला काय लागलं?" बाबांनी तितक्याच शांतपणे विचारले.

उमेद पुटपुटला की दोन मासे लागले आणि दोन्ही सुटले. बाबांनी त्याला काठी आणायला सांगितली. काठी आली. बाबांनी केसांचा झुपका बोटांनी बाजूला सारला आणि गळ शेकोटीच्या उजेडात धरला. त्याला टोकच नव्हते.

"सकाळी मीच मोडलं ते," बाबा म्हणाले. "थंड पाण्यातला मासा आळसावलेला असतो, उमेद. तो आमिषामागे धावत नाही. आमिष त्याच्यासमोर निवांत पडून राहिलं तर तो तोंड उघडतो. हे तुला जमन येण्याच्या किती आधीपासून येत होतं. पण जमनची काठी वाकली की तुझा हात हलतो. तरी आज दोन मासे तुझ्याकडे आले. ते सुटल्यावर कुणीही आधी आपला गळ पाहिला असता. तू जमनकडे पाहिलंस. त्याच्या टोपलीतला एकेक मासा तुला तोंडपाठ आहे, आणि स्वतःच्या दोरीच्या टोकाला काय आहे ते ठाऊक नाही. मी एक दिवस गळ मोडला, बाळा. मत्सर तो रोज मोडत होता."

मुखिया म्हणाला की आज सोडल्या म्हणून पूर्वीही सोडल्याच असतील, असे कसे धरावे?

"पूर्वीही सोडत होता," उमेद म्हणाला. "मी खोटं बोललो."

जमनने हातातला वाडगा खाली ठेवला आणि तो बाहेर निघून गेला. मुखियाने निवाडा दिला: ज्याने दुसऱ्याचे सरोवर हिरावू पाहिले, त्याने पावसाळा लागेपर्यंत पाण्यात गळ टाकू नये. उमेदने बाबांकडे पाहिले. बाबा निखारे सारखे करत होते. त्यांनी रदबदली केली नाही. सकाळी उठून उमेद पाणचक्कीवर गेला आणि म्हातारीसमोर उभा राहून खरे काय ते सांगून आला. त्या दिवशी तिने भाकरी दिली नाही.

जमन त्याच्याशी बोलेनासा झाला. एका घरात राहून, एका चुलीवर जेवून दोघांत शब्द नव्हता. उमेद सरपण आणी, नाव ढकलून देई, आणि मग करण्यासारखे काही न उरल्याने काठच्या खडकावर बसे. आधी त्याची नजर नावेमागेच जात राहिली. हळूहळू ती जवळच्या पाण्यावर येऊन स्थिरावली. कुठल्या काठाला ऊन आधी पोचते, कुठल्या खडकाशी पाणी आधी कोमट होते, हे इतकी वर्षे तिथे राहूनही त्याने नीट पाहिले नव्हते.

वैशाखात एका दुपारी उथळ पाण्यात एक तांबडोळ्या आला. नर होता. शेपटीने तो तळाचा गाळ झाडत होता आणि गोट्यांची स्वच्छ, वाटोळी जागा करत होता. मादीसाठी घर मांडत होता तो. उमेद श्वास रोखून पाहू लागला. नाव काठाला कधी लागली, ते त्याला कळलेही नाही.

"काय पाहतोस?" मागून जमनने विचारले.

कितीतरी दिवसांनी आलेला तो पहिला शब्द होता. उमेदने मान वळवली नाही. खडकावर थोडे सरकून त्याने जागा केली आणि हलकेच म्हणाला, "सावली पडू देऊ नकोस. बस इथे."

जमन क्षणभर उभा राहिला, आणि मग बसला. मासा पुन्हा वळला, त्याने पुन्हा शेपूट फिरवली, आणि पाण्याखाली एक पांढरा गोटा चमकला. ओट्यावरून बाबांनी जेवायला हाक मारली. दोघांनाही ती ऐकू आली नाही. बाबांनी एकवार खाली काठाकडे पाहिले, आणि पुन्हा हाक मारली नाही.