मोज्यातली कुसळं

"…मग तो आत शिरतो कसा, महाराज?"

डॉ. हेरंब खासनीसांनी हे टेकडीवरच्या मठीच्या उंबऱ्याबाहेरूनच विचारलं. सोमगीर महाराज आत चुलीपुढे भाकरी थापत होते.

"कोण?"

"करोनाचा विषाणू."

"बरं. बस. पण बाहेरच. ते मोजे घेऊन आत येऊ नकोस."

खासनीसांना रागच आला. एवढा मोठा संशोधक वाळल्या गवतातून टेकडी चढून येतो, आणि त्याला पायरीवर बसवतात! पण इकडे येण्यासाठी आईने आठवडाभर भुणभुण लावली होती. शिवाय सोमवारी समिती बसणार होती. विषाणू अडत का नाही, याचं उत्तर समितीला मिळालं नाही तर प्रयोगशाळा बंद, आणि हाताखालचे सहा जण घरी. ते मुकाट्याने बसले.

"पेशीला एक दार असतं," त्यांनी बालवाडीत शिकवावं तसं सुरू केलं. "विषाणू त्यातून आत जातो. मी त्या दाराला औषधाचं कुलूप केलं. तीन वर्षं खपलो. असं कुलूप जगात नाही!"

"मग?"

"…तरी पेशीभोवती विषाणूंची ही गर्दी. एखादं दार उघडं सापडलं की शिरलेच."

"दारापर्यंत येतात कसे?"

"येतात म्हणजे… येतात. धडपडत."

"भिंत गुळगुळीत असते?"

"छे! पेशीच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांची दाट लव असते. पण ती बिनकामाची. मी तिच्याकडे ढुंकूनही… आई गं!"

घोट्याशी काहीतरी कचकन टोचलं होतं.

"काय झालं?"

"कुसळ!"

"कुठून शिरलं?"

खासनीसांनी बुटाकडे पाहिलं. परदेशातून आणलेला बूट. पाण्याचा थेंबसुद्धा आत जाणार नाही, अशी हमी असलेला. शिवण शाबूत, नाडी घट्ट.

"बुटातून शक्यच नाही," ते म्हणाले. बूटही त्यांनीच शोधून काढला असावा, असा आव होता.

"बूट चांगलाच आहे," महाराज म्हणाले. "मोजा बघ."

खासनीसांनी बूट काढला. मोजा लोकरीचा होता, आईने विणलेला. वरच्या काठाला पन्नासेक कुसळं. बरीचशी नुसती लटकलेली, झटकली तर पडावीत अशी. काही चालता चालता सरकत खाली, बुटाच्या आत उतरलेली. आणि एक थेट कातडीत.

खासनीस मोज्याकडे बघत राहिले. आत एक भाकरी फुगली. मग दुसरी फुगली…

"आधी लवेला धरतो," ते पुटपुटले. "सैलसर. मग सरकत सरकत दारापर्यंत… आणि मी दारातच उभा!"

महाराज उठले, खुंटीवरचा घोंगडीचा जुना तुकडा काढला आणि उंबऱ्याशी येऊन बाहेर टाकला.

"हे काय?"

"उतरताना काठीला बांध. पुढे फरपटत ने."

"अहो, सगळी कुसळं ह्यालाच चिकटतील!"

"चिकटू देत."

…

खासनीस ताडकन उभे राहिले. खोटी लव! तसल्याच साखरेची, पण पेशीच्या बाहेर. विषाणूने बसावं तिलाच धरून! काम बरंच होतं, जमेलच असंही नव्हतं, पण समितीपुढे ठेवायला काहीतरी हाती आलं होतं. सहा जणांचे चेहरे डोळ्यांपुढे आले आणि त्यांना भरून आलं. त्यांनी उंबऱ्यावर लोटांगण घालून महाराजांचे दोन्ही पाय घट्ट धरले.

"उपकार झाले, महाराज! सोमवारी हेच सांगतो. आधी लव, मग दार… पण माझं कुलूपही तसं वाईट नाही हो. तीन वर्षं गेलीत त्यात. तेच जरा घासूनपुसून… म्हणजे मुख्य कुलूपच, आणि लव आपली तोंडी लावायला… चालेल ना?"

आतून पिठल्याचा वास येत होता. महाराजांनी एक पाय हलवून पाहिला. मग दुसरा. मिठी काही सुटेना.

"जेवायला आत यायचंय ना?"

"हो, महाराज!"

"मग सोड."